ग्राफिक कार्ड 'उडालंय' म्हणे!

मंडळी, आज रस्ते, गटारी आणि पाणीपट्टीला एक दिवस सुट्टी. विषय जरा वेगळा आहे आणि पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं पोर आहे आणि त्याच्यापुढं लॅपटॉप आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. प्रश्न तुमच्या खिशातल्या आठ-दहा हजारांचा आहे. कधीकधी चाळीस-पन्नास हजारांचाही.

गेल्या वर्षभरात माझ्याकडं 'ग्राफिक कार्ड गेलंय' हा शेरा घेऊन बरेच लॅपटॉप आले. हा शेरा कुणी मारलेला असतो? दुकानदारानं, शेजारच्या इंजिनिअर पोरानं, नाहीतर यूट्यूबवरच्या कुणीतरी. त्यातलं कार्ड खरोखर गेलेलं किती? एका हाताची बोटंसुद्धा पुरी लागली नाहीत. बाकी सगळ्यांत दुखणं एकच होतं, ड्रायव्हरचं. म्हणजे चुकीच्या आवृत्तीचा ड्रायव्हर, किंवा एकाचा बसलाय आणि दुसऱ्याचा बसलाच नाही.

'एकाचा आणि दुसऱ्याचा' असं का म्हणतोय ते सांगतो. सगळा घोळ तिथंच आहे.

तुमच्या लॅपटॉपवर 'ग्राफिक कार्डवाला' म्हणून स्टिकर असेल तर बहुतेक वेळा आत दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या पोटातच, इंटेलचं किंवा एएमडीचं. दुसरं वेगळं, एनव्हिडियाचं किंवा एएमडीचं. घरातल्या चुलीसारखं समजा. चहाला शेगडी, पंगतीला भट्टी. मेल वाचायला, पिक्चर बघायला भट्टी पेटवायची गरज नाही, बॅटरी लगेच संपते. थ्रीडी ड्रॉइंग, गेम, व्हिडिओ एडिटिंग आलं की भट्टी पेटते. पूर्वी हे हातानं बदलावं लागायचं, काही लॅपटॉपला तर त्यासाठी चक्क बटण असायचं. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियानं 'ऑप्टिमस' नावाची पद्धत आणली आणि ही अदलाबदल आपोआप व्हायला लागली. एएमडीचीही तशीच सोय होती, तिची नावं मात्र दर दोन वर्षांनी बदलायची.

आता गंमत बघा. या पद्धतीत लॅपटॉपच्या स्क्रीनची वायर मोठ्या कार्डाला जोडलेलीच नसते. ती असते शेगडीला, म्हणजे पोटातल्या ग्राफिक्सला. भट्टीवर शिजलेलं सगळं आधी शेगडीच्या ओट्यावर आणून ठेवायचं आणि तिथून पानात वाढायचं. वाढपी एकच, तोही शेगडीचा. म्हणून पोटातल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर आजारी पडला की मोठं कार्ड ठणठणीत असूनही पानात काही येत नाही. आणि लोक काय म्हणतात? भट्टी गेली!

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलचंही तसंच. उघडलं की डिस्प्लेची पानं गायब असतात, नाहीतर 'तुम्ही एनव्हिडियाला जोडलेला डिस्प्ले वापरत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो. माणूस घाबरतो. अहो, ऑप्टिमसच्या लॅपटॉपवर डिस्प्ले एनव्हिडियाला जोडलेला नसतोच. तो निरोप खरं तेच सांगतोय. त्यावरून कार्ड मेल्याचा दाखला काढता येत नाही.

आता ज्या प्रकरणामुळं हे लिहायला बसलो ते. पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षात असलेली एक मुलगी, वडील मार्केट यार्डात आडतीवर हिशेब लिहितात. पुण्याहून बावीस हजाराला सेकंड हँड लॅपटॉप आणला, दोन ग्राफिक्सवाला. वर्षभर चांगला चालला. मग स्लो झाला म्हणून इथल्या एका दुकानात फॉरमॅटला दिला. परत आला तो स्क्रीनवरची अक्षरं फुगलेली, व्हिडिओ अडखळतोय आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर थ्रीडी मॉडेल फिरवायला गेलं की बंद. पुन्हा दुकानात. दुकानदार म्हणाला, "कार्ड उडालंय. चिप तापवून बघतो, साडेनऊ हजार, गॅरंटी नाही. त्यापेक्षा नवीन घ्या, हप्ते करून देतो." प्रोजेक्ट जमा करायला अकरा दिवस राहिलेले. वडील माझ्याकडं आले ते लॅपटॉप दुरुस्तीला नाही, तर "सर, हप्त्यावर घेऊ का?" एवढंच विचारायला.

मी म्हटलं, आधी बघू तर द्या.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. 'डिस्प्ले अडॅप्टर्स'वर क्लिक केलं की खाली दोन नावं दिसायला हवीत. इथं दोन होती. पण पोटातल्या ग्राफिक्सच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं आणि मोठ्या कार्डावर पिवळा त्रिकोण. बेसिक डिस्प्ले अडॅप्टर म्हणजे विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर, पाहुणा येईपर्यंत टाकलेली सतरंजी. त्याच्यावर अक्षरं फुगणारच, व्हिडिओ अडखळणारच. पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक केलं तर 'कोड ४३'. विंडोज म्हणतंय, या यंत्रानं अडचण कळवली म्हणून मी ते बंद केलं.

कोड ४३ चिप मेली तरी येतो आणि ड्रायव्हर चुकला तरी येतो. दुकानातली मंडळी पहिलाच अर्थ घेतात. त्यालाही एक इतिहास आहे, सगळा दोष त्यांना देऊन चालणार नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं स्वतः जाहीर केलं होतं की त्यांच्या काही लॅपटॉप चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बाद होत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते. चिपचं पॅकिंग आणि जोडणीचं मटेरियल कमजोर निघालं होतं. त्या काळात चिप तापवून जोड पुन्हा बसवायचा धंदा जोरात चालला. तेव्हा हात बसलेली माणसं आजही आधी हीट गनच उचलतात. पण रोग बदललाय.

आणि एक साधी परीक्षा कुणीही करू शकतो. लॅपटॉप सुरू करताना बायॉसमध्ये जा. या प्रकारच्या लॅपटॉपला बायॉसचं चित्र पोटातलं ग्राफिक्स काढतं. तिथंच रेघा, ठिपके दिसत असतील तर संशय स्क्रीनवर, केबलवर किंवा पोटातल्या ग्राफिक्सवर घ्यावा. मोठ्या कार्डाचा तिथं संबंधच येत नाही. या लॅपटॉपचा बायॉस आरशासारखा स्वच्छ होता. मोठं कार्ड डिव्हाइस मॅनेजरला नावानिशी दिसत होतं, म्हणजे जिवंत असण्याची शक्यता मोठी. त्या मुलीला म्हटलं, चहा घे, वेळ लागेल.

फॉरमॅट करताना दुकानात काय केलं होतं? पेन ड्राइव्हवरचं एक 'सगळ्या लॅपटॉपचे ड्रायव्हर' असलेलं पॅक चालवलं होतं. त्यानं मोठ्या कार्डाला भलत्याच पिढीचा ड्रायव्हर चिकटवला आणि पोटातल्याला काही सापडलं नाही म्हणून तसंच सोडलं.

मग लॅपटॉप उलटा केला, स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेतला. पूर्ण म्हणजे पूर्ण. एकाच नावाखाली चार वेगवेगळी कार्डं असलेले लॅपटॉप कंपन्या विकतात. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा, पोटातल्या ग्राफिक्सचा आणि मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर उतरवून घेतला. नंतर इंटरनेट बंद. हे महत्त्वाचं आहे. नेट चालू असलं की तुम्ही एक ड्रायव्हर काढता आणि दुसरा टाकायच्या आधीच विंडोज स्वतःच्या मर्जीनं तिसरा आणून बसवतं. सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या ड्रायव्हरचे अवशेष साफ केले. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचं फुकट साधन आहे, लोक डीडीयू म्हणतात. मग क्रमानं आधी चिपसेट, मग पोटातलं, मग मोठं, आणि प्रत्येक वेळी रीस्टार्ट. क्रम का पाळायचा, तर वाढपी आधी उभा पाहिजे.

झालं! पिवळा त्रिकोण गेला, अक्षरं जागेवर आली. मुलगी खूष. पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते म्हणतंय, ड्रायव्हर जुना आहे, चालणार नाही.

इथं खरी डोकेदुखी सुरू होते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर त्या मशीनला शंभर टक्के जुळणारा, पण तो लॅपटॉप बाजारात आला त्या वर्षीचा. कंपनीनं त्यानंतर ढुंकून पाहिलेलं नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीकडं आजचा ताजा ड्रायव्हर आहे, पण तो या पिढीच्या कार्डाला लागत नाही. टाकायला गेलं की 'सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही' म्हणून हात वर करतो. म्हणजे एक फार जुना, एक फार नवा. आपल्याला हवा होता मधला, त्या पिढीसाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर. प्रत्येक पिढीला असा एक शेवटचा आकडा असतो आणि तो शोधणं हेच निम्मं काम.

हे आकडे गुपित नाहीत, पण दुकानाच्या काउंटरवर तुम्हाला ते कुणी सांगणार नाही. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीसाठी विंडोजवरचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५. ३२ बिटच्या विंडोजलाही तोच शेवटचा. लॅपटॉपमधल्या केप्लर पिढीसाठी ४२५.३१. डेस्कटॉपच्या केप्लरला मात्र त्यापुढं २०२१ पर्यंत नवे ड्रायव्हर मिळत राहिले. पिढी तीच, कंपनी तीच, पण लॅपटॉपवाल्यांचा दाणापाणी आधी बंद. एएमडीनं २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जीसीएनच्या आधीची सगळी कार्डं 'लेगसी' म्हणून वळचणीला टाकली. विंडोज १० येऊन तेव्हा चार महिनेसुद्धा झाले नव्हते! इंटेलनं २०२२ मध्ये सहाव्यापासून दहाव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स नेहमीच्या अपडेटमधून बाजूला काढलं. दहावी पिढी म्हणजे काही पणजोबांच्या काळातली नाही. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी आपण जे लॅपटॉप घेतले, त्यातले कित्येक त्याच पिढीचे.

आपल्या मशीनवर कोणता ड्रायव्हर आहे तेही सरळ दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचा आकडा दिसतो २७.२१.१४.५६७१ असा लांबलचक. त्यातले शेवटचे पाच अंक घ्या आणि टिंब शेवटच्या दोन अंकांच्या आधी टाका. झाला ४५६.७१. साइटवर हाच आकडा असतो. इंटेलचं वेगळं, तिथं २७.२०.१००.८६८१ मध्ये शेवटचा तुकडा बघायचा. एकाच मशीनमधल्या दोन कार्डांचे आकडे वाचायच्या दोन तऱ्हा. कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

आणखी एक फसवणूक टास्क मॅनेजरची. तिथं 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' दिसतात, म्हणून लोक तिथं बघतात आणि एकच दिसलं की हाय खातात. जुन्या धाटणीचा ड्रायव्हर असेल तर कार्ड तिथं दिसतच नाही, चालू असलं तरी. खात्री करायची ती डिव्हाइस मॅनेजरमध्येच. आणि दोन्ही कार्डं ठीक असूनही सॉफ्टवेअर रडत असेल, तर ते शेगडीवरच चालत नाही ना ते बघा. विंडोज १० मध्ये २०१८ पासून सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेनं गेलं की कोणत्या प्रोग्रामला कोणतं कार्ड द्यायचं ते ठरवता येतं. 'हाय परफॉर्मन्स' निवडा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

त्या मुलीच्या कार्डाचा मधला ड्रायव्हर सापडला, बसला, सॉफ्टवेअर उघडलं, मॉडेल गरागरा फिरलं. एकूण अडीच तास गेले, त्यातला निम्मा वेळ डाउनलोडचा, कारण आपल्या गल्लीतलं नेट तुम्हाला माहीतच आहे. खर्च शून्य. वडील लॅपटॉपकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे काही बिघडलंच नव्हतं?"

मला राग आला तो या प्रश्नाच्या उत्तराचा. हार्डवेअर म्हणाल तर काहीच बिघडलं नव्हतं. एक वीस-बावीस हजाराची धडधाकट वस्तू भंगारात निघाली होती, कारण तिच्या एका अदृश्य भागाचा नंबर चुकला होता आणि बरोबर नंबर कुठं मिळेल हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. लॅपटॉप कंपनी म्हणते, मॉडेल जुनं झालं. चिप कंपनी म्हणते, लॅपटॉपवाल्याला विचारा. इंटेलचा ड्रायव्हर टाकायला गेलं तर कित्येकदा चक्क निरोप येतो की हा ड्रायव्हर या संगणकासाठी तपासलेला नाही, उत्पादकाकडून घ्या. उत्पादकाच्या साइटवर जावं तर ते पानच गायब. ग्राहक मधल्या मध्ये फुटबॉल.

हे फक्त आपल्याच गावाचं दुखणं आहे असं समजू नका. २०१२ च्या जूनमध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सचं, म्हणजे ज्यानं लिनक्स लिहिलं त्याचं भाषण होतं. एका बाईंनी उठून विचारलं की माझा लॅपटॉप ऑप्टिमसचा आहे, लिनक्सवर एनव्हिडिया त्याला काहीच मदत करत नाही, काय करू? त्यावर टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्याकडं बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं आणि वर एक शिवीही हासडली. तो व्हिडिओ जगभर गाजला. तो प्रश्न दोन कार्डांच्या लॅपटॉपचाच होता हे मात्र बहुतेकांच्या लक्षात नाही. कंपनी करत नाही म्हणून स्वयंसेवकांनी 'बंबलबी' नावाचा प्रोजेक्ट स्वतः उभा केला. २०११ मध्ये त्याच्या एका स्क्रिप्टमध्ये एक रिकामी जागा जास्त पडली आणि लोकांच्या सिस्टिमचं अख्खं 'यूएसआर' फोल्डर पुसलं गेलं! तरी त्यांनी ते निस्तरलं आणि काम चालू ठेवलं. एनव्हिडियाकडून लिनक्सवर या अदलाबदलीची बऱ्यापैकी सोय यायला २०१९ उजाडलं.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका असा सल्ला मी नेहमी देतो. ब्राउझर, टायपिंग, अभ्यासाचे व्हिडिओ यांना उत्तम. पण ज्या पोरांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं त्यांना तो सल्ला देऊन पोट भरत नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० पाहिजे आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर. म्हणजे सेकंड हँड बाजारातल्या मोठ्या हिश्शावर एका तारखेत शिक्का बसला. त्यात सॉफ्टवेअर पुढं पळतंच आहे. फुकट मिळतं म्हणून पोरं ब्लेंडर वापरतात, त्याच्या ४.० आवृत्तीला ओपनजीएल ४.३ लागतं, आधी ३.३ वर भागायचं. कुणी वाईट हेतूनं करत नसेलही, पण चारी बाजूंनी चिमटा बसतो तो आडतीवर हिशेब लिहिणाऱ्याला.

माझं म्हणणं इतकंच की ड्रायव्हर हा सुटा भाग आहे. मोटारसायकलची क्लच प्लेट जशी, तसाच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं आणि गाड्या घेतल्या. चांगली गोष्ट आहे. पण दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं स्क्रू आणि पाना येतो. जुन्या ड्रायव्हरची पानं साइटवरून काढून टाकणं म्हणजे सुट्या भागाचं गोदाम पेटवून देण्यासारखंच आहे, असं कुणी म्हणत नाही. म्हणायला पाहिजे. विकलेल्या मशीनचे ड्रायव्हर अमुक वर्षं साइटवर ठेवलेच पाहिजेत असा नियम करायला कुणाच्या बापाचं काय जातं? एका फाइलला जागा ती किती लागते?

आपल्या हातातलं तरी करूया. आपल्या पॉलिटेक्निकांनी आणि कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावं की कोणतं सॉफ्टवेअर, कितवी आवृत्ती, किमान कोणतं ग्राफिक्स, आणि जुनी आवृत्ती चालेल का. बहुतेक प्रोजेक्टना चालते, सर फक्त सांगत नाहीत. आमदार निधीतून, जिल्हा परिषदेतून, ट्रस्टतर्फे लॅपटॉप वाटणाऱ्यांनी निविदेत वॉरंटीबरोबर ड्रायव्हर किती वर्षं मिळणार हेही विचारावं. फोटोत लॅपटॉप हातात धरलेली पोरं छान दिसतात, तीन वर्षांनी तेच लॅपटॉप कपाटावर असतात.

दुकानदारांशी माझं भांडण नाही, कित्येक जण मित्र आहेत. पण फॉरमॅट करून देताना पॅक चालवून मोकळं होऊ नका. निदान डिव्हाइस मॅनेजर उघडून गिऱ्हाइकाला दोन्ही नावं दाखवा. आणि गिऱ्हाइकांनो, तुम्ही बिल घ्या. दुरुस्तीचं, सेकंड हँडचं, सगळ्याचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. 'चिप बदलावी लागेल' असं कुणी म्हटलं तर आधी बायॉस दाखवा म्हणावं, डिव्हाइस मॅनेजर दाखवा म्हणावं, मोबाइलवर फोटो काढावा. दुकानदार चिडला तर दुकान बदलावं.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी घरीच आहे. दोन ग्राफिक्सवाला लॅपटॉप रुसला असेल तर घेऊन या. पैसे नाहीत, चहा आमचा. येताना चार्जर आणा, डेटाचा बॅकअप आधीच घेऊन ठेवा, आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचे ड्रायव्हर जमलं तर घरूनच उतरवून पेन ड्राइव्हवर आणा. आमच्या गल्लीतल्या नेटवर माझा भरवसा नाही.

ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी खाली कमेंटमध्ये पूर्ण मॉडेल नंबर आणि डिव्हाइस मॅनेजरचा फोटो टाका. 'सर, लॅपटॉप चालत नाही, काय करू?' एवढंच लिहिलंत तर मी काय सांगणार!